स्मशानशांतता म्हणे!

इंग्लंडात मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून परतलेल्या मंडळींचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘सगळं छान आहे हो, पण स्मशानशांतता!’ मग पुरावे येतात. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेजारच्या घरात कोण राहतं हे मुलाला इतक्या वर्षांत माहीत नाही. दारं सदानकदा बंद. न सांगता कुणी कुणाकडे जात नाही. आणि शेवटी निकाल: माणुसकी म्हणून नाहीच तिकडे. ऐकणारेही माना डोलावतात, कारण हा निकाल त्यांच्याही सोयीचा असतो. खिडकीखाली डीजे वाजत असेल तर दूर कुठेतरी माणसं शांततेने हैराण आहेत, हे ऐकून तेवढंच बरं वाटतं.

समोरच्या बाजूला दुसरा पक्ष बसलेला असतो. हा तिकडे स्थायिक झालेला, घराचं कर्ज निम्मं फेडलेला. त्याचं म्हणणं नेमकं उलटं. शिस्त त्यांच्या रक्तातच आहे, म्हणतो. हळू बोलणं त्यांना आईच्या दुधातून मिळतं. आपल्या लोकांना शंभर वर्षं गेली तरी जमायचं नाही. हा माणूस वर्षातून एकदा पुण्याला येतो, कानात बोटं घालून रिक्षात बसतो आणि परत जातो.

मी बरीच वर्षं लंडनच्या नैऋत्येकडच्या एका उपनगरात, जोडघरांच्या गल्लीत राहतो आहे. मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. ही शांतता मेलेली नाही आणि ती कुणाच्या रक्तातूनही आलेली नाही. भांडून, लिहून, कायदे करकरून ती घडवलेली आहे आणि रोज तिची डागडुजी चालू असते. तिच्यावर घ्यावा असा एक खरा आक्षेप आहे, पण तो या दोघांपैकी एकही घेत नाही. त्याच्याकडे येईनच.

आधी वस्तुस्थिती. गल्ली निःशब्द अजिबात नाही. जानेवारी हा इथल्या कोल्ह्यांच्या माजाचा काळ. रात्री दोन वाजता मादी अशी किंचाळते की नवख्याला वाटावं, कुणाचा तरी खून पडला. रॉबिन पक्षी रस्त्यावरच्या दिव्याला दिवस समजून मध्यरात्री गातो. हीथ्रोवर उतरणारी विमानं पहाटे पाचच्या आधीच सुरू होतात आणि त्यांच्यापुढे गल्लीतल्या कुणाचंही काही चालत नाही. उन्हाळ्यातल्या शनिवारी गवत कापायची यंत्रं एका दमात चार-पाच अंगणांतून घरघरतात. रविवारी सकाळी चर्चच्या घंटा. मग कमी काय आहे? हॉर्न, भोंगे, लाऊडस्पीकर, खालून तिसऱ्या मजल्याला मारलेल्या हाका. म्हणजे एका माणसाने दुसऱ्याच्या कानावर त्याला न विचारता घातलेला आवाज कमी आहे.

तो कसा कमी झाला, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. १९७४च्या प्रदूषण नियंत्रण कायद्याने रस्त्यावरचा लाऊडस्पीकर रात्री नऊ ते सकाळी आठ पूर्ण बंद केला आणि दिवसाही धंद्याच्या जाहिरातीसाठी बंद केला. अपवाद ठेवला तो नाशवंत खाद्यपदार्थ विकणाऱ्या गाडीचा, म्हणजे मुख्यतः आइस्क्रीमवाल्याचा. त्याने आपली धून दुपारी बारा ते संध्याकाळी सात याच वेळात वाजवावी. त्यावर पुन्हा सरकारी आचारसंहिता आहे: धून एका वेळी १२ सेकंदांपेक्षा जास्त नको, दोन मिनिटांत एकदाच, शाळा भरलेली असताना शाळेपासून ५० मीटरच्या आत नको. पूर्वी चारच सेकंदांची मुभा होती. आइस्क्रीमवाल्यांनी कुरकुर केली, तेव्हा २०१३ साली ती वाढवून मिळाली. एवढ्या मोठ्या देशाच्या सरकारने बसून आइस्क्रीमवाल्याची धून सेकंदांत मोजावी याचं हसू येतं, आणि ते यावंच. पण मोजणी झाली म्हणून तो धंद्यातून उठला नाही, हेही बघायला हवं. जूनमध्ये आमच्या गल्लीत तो येतो, बारा सेकंद वाजवतो, पोरं धावतात. रात्रपाळी करून दुपारी झोपलेल्या नर्सला तो दोन मिनिटांनी कदाचित पुन्हा ऐकू येईल, पण दिवसभर नाही.

आता ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांकडे वळू. एकोणिसाव्या शतकातलं लंडन म्हणजे घोड्यांच्या नाला, लोखंडी धावांची चाकं, फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि हाताने फिरवायच्या वाजंत्री पेट्या यांचा नुसता कल्लोळ होता. इतिहासकार थॉमस कार्लाइल यांनी १८५३ मध्ये चेल्सीतल्या घराच्या माथ्यावर आवाज शिरणार नाही अशी खास खोली बांधून घेतली. पैसा गेला, आवाज यायचा तो आलाच. गणकयंत्राची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज यांची तर पुरती वाताहत झाली. आपल्या कामाच्या ताकदीचा चौथा हिस्सा रस्त्यावरच्या वाद्यांनी खाऊन टाकला असा हिशेब त्यांनी मांडून ठेवला आहे. त्यांनी तक्रारी केल्या तेव्हा शेजारपाजारच्यांनी काय करावं? त्यांच्या खिडकीखाली मुद्दाम वाजंत्री आणवली. रस्त्याने निघाले की पोरं मागे हुर्यो करत जायची. शिस्त आईच्या दुधातून मिळते म्हणणाऱ्याने हे शेजारी डोळ्यांपुढे आणावेत. आपल्याकडे मांडवाविरुद्ध तक्रार करणाऱ्याच्या दारात दुसऱ्या दिवशी स्पीकरचं तोंड वळवतात, त्यांचे हे सख्खे भाऊ शोभतील.

१८६४ मध्ये मायकेल बास नावाच्या खासदाराने कायदा करून घेतला, की घरवाल्याने सांगितलं तर रस्त्यावरच्या वादकाने तिथून निघून जावं. बास यांना पाठिंबा देणाऱ्या पत्रावर डिकन्सचीही सही होती. पुढे मोटारी आल्या, हॉर्न आले. १९३४ मध्ये वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्नबंदी आणली. वाहनचालकांच्या नियमपुस्तकात वस्तीतल्या रस्त्यांसाठी आजही हीच वेळ छापलेली आहे. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी रात्री हॉर्न वाजवू नका असं इंग्रजाला कायद्याने सांगावं लागत होतं. रक्तात असतं तर मंत्र्याला कशाला कष्ट?

घरांच्या मांडणीचंही तेच. पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल या दाट गरीब वस्तीत उमेदीची वर्षं काढलेल्या हेन्रिएटा बार्नेट यांनी १९०७ मध्ये हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब उभं करायला घेतलं. नगररचनाकार होते रेमंड अन्विन. त्या काळच्या नियमांप्रमाणे रस्ते सरळ, रुंद आणि एकासारखा एक असायला हवे होते, म्हणून त्यांनी १९०६ साली संसदेतून वेगळा कायदाच करून घेतला आणि अरुंद, वळणाच्या, एका टोकाला बंद असलेल्या गल्ल्या आखल्या. बंद गल्लीतून पलीकडे जायला वाट नसते, त्यामुळे जिचं तिथे काम नाही अशी गाडी तिथे शिरतच नाही. भिंतींऐवजी कुंपणाला झुडपं लावली. एकरी सरासरी आठ घरं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९च्या ॲडिसन कायद्याने नगरपालिकांनी कामगारांसाठी घरं बांधायला घेतली, तेव्हा शहरात एकरी बाराच्या वर घरं नकोत हा दंडक त्याच विचारातून आला. आज आमच्या गल्लीत जी शांतता आहे तिच्यातला मोठा भाग या भूमितीचा आहे, लोकांच्या स्वभावाचा नाही. (ही हवा आपल्याकडेही पोचली होती. नगररचनेतले मोठे नाव पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि दादर-माटुंग्याची आखणी तर त्याच्याही आधीपासून सुरू होती. हिंदू कॉलनीतल्या गल्लीत जूनच्या दुपारी उभं राहून बघा.)

आता पहिल्या पक्षाचा मुख्य मुद्दा: शेजारच नाही. मला वाटतं, ही मंडळी शेजार चुकीच्या जागी शोधतात. ती दारात उभी राहून आवाजाची वाट बघतात. आणि इथला शेजार येतो तो दाराला पाडलेल्या आडव्या फटीतून.

एका शुक्रवारी संध्याकाळी त्या फटीतून माझ्या पायपुसण्यावर एक चिठ्ठी पडली. वहीचं पान, निळी शाई, हाताने लिहिलेलं. उद्या आमच्या मुलीचा अठरावा वाढदिवस आहे, रात्री अकरापर्यंत मागच्या अंगणात गाणी लागतील, आगाऊ क्षमस्व, फार त्रास झाला तर या नंबरवर फोन करा, आणि खरं म्हणजे तुम्हीच या. अशी चिठ्ठी डावीकडच्या चार, उजवीकडच्या चार आणि पाठीमागच्या घरांत टाकलेली असते. पावणेअकराला आवाज खाली येतो, अकराला बंद. रविवारी दुपारी कुणीतरी उरलेला केक घेऊन येतं. याला शेजार म्हणत नसतील तर कशाला म्हणतात ते मला कळत नाही. न विचारता येऊन बसण्याचा हक्क यात नाही, हे खरं. पण आधी सांगण्याचं सौजन्य आहे, आणि त्या दोहोंतलं कुठलं जास्त दिवस टिकतं याबद्दल माझं मत पक्कं आहे.

पार्सलाचं बघा. तुम्ही घरी नसलात तर पोस्टमन कार्ड टाकून जातो: पार्सल २७ नंबरमध्ये ठेवलं आहे. संध्याकाळी तुम्ही २७ नंबरचं दार वाजवता. दारातल्या दारात हवेबद्दल दोन वाक्यं होतात, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरतो, आजोबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख कळते. पुढच्या आठवड्यात त्यांचं पार्सल तुमच्याकडे. कचऱ्याच्या डब्यांची तर न बोलता चालणारी पंचायतच असते. एका आठवड्याला पुनर्वापराचा डबा, दुसऱ्याला साध्या कचऱ्याचा. कुठला आठवडा चालू आहे हे कुणालाच नक्की आठवत नाही, म्हणून सगळे आदल्या रात्री पडद्याआडून एका ठरावीक घराकडे बघतात. त्या बाईंचं कधी चुकत नाही. त्यांनी डबा काढला की दहा मिनिटांत सगळ्या गल्लीचे डबे बाहेर. आणि एखाद्या रात्री त्यांचाच डबा निघाला नाही, तर नऊच्या आत कुणीतरी त्यांची बेल वाजवतं: बऱ्या आहात ना?

जिथे भांडण आहे तिथेही शेजार आहे, फक्त तो कागदावर आहे. कुणाला मागे खोली वाढवायची असली की नगरपालिका शेजाऱ्यांना पत्र पाठवते किंवा विजेच्या खांबाला नोटीस बांधते. एकवीस दिवसांत कुणीही हरकत लिहावी, नाव घालून लिहावी, ती सगळ्यांना वाचता यावी. सामाईक भिंतीला हात लावायचा तर १९९६चा वेगळा कायदा. झाडांच्या कुंपणाचा तर किस्साच आहे. भराभर वाढणारी लेलँडी नावाची सदाहरित झाडं लोकांनी कुंपणाला लावली आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात दुपारी दिवे लावायची वेळ आली. वैर इतकं माजलं की २००३च्या कायद्यात दोन मीटरच्या वर गेलेल्या कुंपणासाठी खास प्रकरण घालावं लागलं. बऱ्याच नगरपालिका तक्रारीची काहीशे पौंड फी घेतात. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी अट अशी, की तक्रारीआधी तुम्ही शेजाऱ्याशी बोलून वाद मिटवायचा प्रयत्न केला होता हे दाखवावं लागतं. नाही केला, तर नगरपालिका तुमचं ऐकूनही घेणार नाही. माणुसकी नसलेल्या देशाने ‘आधी जाऊन बोला’ असं कायद्याच्या कामात घालावं, हे आमच्या पहिल्या पक्षाने जरा विचारात घ्यावं.

आवाजाच्या तक्रारीचंही असंच. तुम्ही फोन केलात की नगरपालिका आधी रोजनिशी ठेवायला सांगते: तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ, तुमच्यावर काय परिणाम. निम्म्या तक्रारी या रोजनिशीतच विरतात असा माझा अंदाज आहे, कारण लिहायला बसल्यावर माणसाला कळतं की आवाज मंगळवारी वीस मिनिटंच होता, बाकीचा आपल्या डोक्यात होता. उरलेल्यांसाठी १९९०चा पर्यावरण कायदा आणि १९९६चा ध्वनी कायदा आहेत. रात्री अकरा ते सकाळी सात या वेळात तक्रारदाराच्या खोलीत उपकरण ठेवून मोजतात.

एक बारकावा मराठी वाचकांसाठी. फटाक्यांवरच्या २००४च्या नियमांनी रात्री अकरानंतर फटाके बंद केले. चार रात्री सवलत आहे. पाच नोव्हेंबरला, म्हणजे गाय फॉक्सच्या रात्री, बारापर्यंत. बाकीच्या तीन रात्री पहाटे एकपर्यंत: ३१ डिसेंबर, चिनी नववर्ष आणि दिवाळी. हो, दिवाळी, नावानिशी. इंग्रजांच्या आपल्या सणाला बारा आणि दिवाळीला एक! ही सवलत मागितल्याशिवाय कुणी आणून दिलेली नसणार. ज्यांना वाटतं की इंग्लंडातली शांतता परक्याचा आवाज दाबण्यासाठीच आहे, त्यांनी हे कलम लक्षात ठेवावं. आणि ज्यांना वाटतं की तसं कधीच नव्हतं, त्यांनी जरा थांबावं.

त्याआधी एकटेपणाचा मुद्दा. तो टाळण्यासारखा नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, तेव्हा आपल्याकडच्या व्हॉट्सॲपवर हर्षाच्या लाटा उसळल्या होत्या: बघा, शेवटी मंत्री नेमायची पाळी आली! इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१च्या जनगणनेत दर दहा घरांमागे तीन घरांत एकच माणूस राहत होतं. आमच्या गल्लीतही अशी घरं आहेत. त्यांतल्या काहींच्या खिडक्यांतून दिवसभर टीव्हीचा निळा उजेड दिसतो आणि तो बघून मलाही बरं वाटत नाही.

पण हा दोष गल्लीच्या शांततेवर ढकलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं आहे. ही गल्ली आखताना गृहीत होतं की माणूस बोलायला गल्लीच्या टोकाला जाईल. तिथे खाटीक होता, पोस्ट होतं, बँकेची शाखा होती, वाचनालय होतं, पब होता. घर शांत, नाका गजबजलेला, असा तो हिशेब. गेल्या काही दशकांत नाका ओस पडत गेला. बँका ॲपमध्ये गेल्या, पोस्ट किराणा दुकानाच्या कोपऱ्यात आलं, वाचनालयांवर नगरपालिकांनी कात्री चालवली, पब एकामागून एक बंद पडले. बस तासाला एकावर आली. पंचाऐंशीच्या आजी एकट्या पडल्या त्या शेजारी हळू बोलतात म्हणून नाही. त्यांची बस गेली म्हणून पडल्या. बार्नेटबाईंच्या गार्डन सबर्बमध्ये तर पहिल्यापासून पब नव्हता आणि घरांच्या मधोमध दुकानंही नव्हती. ती चूक होती असं मी म्हणेन. शांत गल्लीला जवळपास एक बोलका नाका लागतोच. तो नसेल तर स्मशानशांतता म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरायला वेळ लागणार नाही.

२०२०च्या मार्चमध्ये काय झालं तेही मी पाहिलं आहे. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात त्याच फटीतून छोटी कार्डं पडू लागली: माझं नाव अमुक, घर नंबर तमुक, बाहेर पडता येत नसेल तर किराणा आणि औषधं आणून देईन. दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभे राहून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवत, कुणी पातेलं बडवत. शेजार आधी नसता तर आठ दिवसांत कुठून उगवला असता?

आता तो खरा आक्षेप. शांतता हवी, म्हणजे काय नको? आवाज नको, की माणसं नकोत? या दोन मागण्या एकाच भाषेत लिहिल्या जातात आणि इथेच सगळी गोम आहे. बॅबेज यांच्या बाबतीतही ती होती. पेट्या वाजवणारे बहुतेक गरीब इटालियन स्थलांतरित होते, आणि त्यांना हाकलणाऱ्यांत कानाचा त्रास किती आणि परक्याचा तिटकारा किती हे वेगळं काढणं सोपं नाही.

पुढचं उदाहरण मात्र स्वच्छ आहे. ऑक्सफर्डच्या उत्तरेला कटस्लो भागात नगरपालिकेच्या भाडेकरूंची वस्ती उभी राहिली. लगतची खासगी घरं बांधणाऱ्या कंपनीने १९३४ मध्ये दोन्ही वस्त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर आडव्या भिंतीच घातल्या, वर टोकदार लोखंडी खिळे लावून. भाडेकरूंना मुख्य रस्त्यावर जायला लांबचा वळसा पडू लागला. नगरपालिकेने १९३८ मध्ये भिंती पाडल्या, कंपनी कोर्टात गेली आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. कायमच्या गेल्या त्या १९५९ मध्ये. त्या भिंतींआड शांतताच होती, कुणी कुणाच्या कानात ओरडत नव्हतं. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये १९६४-६५ साली मार्शल स्ट्रीटवरची रिकामी होणारी घरं नगरपालिकेने विकत घ्यावीत आणि फक्त गोऱ्यांना द्यावीत, अशी मागणी रहिवाशांनी केली आणि नगरपालिका तयारही झाली. गृहनिर्माणमंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी कर्जाला नकार दिला म्हणून बेत फसला. घर देताना वर्णभेद करणं बेकायदा ठरलं ते १९६८ मध्ये. ‘वस्तीचं वळण बिघडेल’ हे वाक्य इथे फार सभ्य आवाजात उच्चारलं जातं. हळू बोललेलं म्हणून ते कमी विखारी नाही.

आणि मग किंग हेन्रीज रोड. उत्तर लंडनमध्ये, प्रिमरोझ हिलजवळ, १० नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या त्यांच्या अभ्यासाची ती वर्षं. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने तीसेक लाख पौंड मोजून हे घर घेतलं, त्याचं स्मारक केलं आणि त्याच नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. रस्ता आमच्या गल्लीसारखाच, फक्त कितीतरी श्रीमंत. शेजाऱ्यांनी कॅम्डेन नगरपालिकेकडे तक्रारी केल्या: बसगाड्या भरून माणसं येतात, गोंगाट होतो, फोटो काढत उभी राहतात. घराचा वापर बदलायची परवानगी आधी घेतलेली नव्हती. नंतर अर्ज केला, तो नगरपालिकेने २०१८ मध्ये फेटाळला. कारण गोंगाटाचं नव्हतं. राहण्यायोग्य एक घर वस्तीतून कमी होतं, हे होतं.

याला आकस म्हणून मोकळं होणं सोपं आहे. शेजाऱ्यांना त्रास झाला, एवढंच म्हणून मोकळं होणंही तितकंच सोपं. महाराष्ट्र सरकारने परवानगी आधी घ्यायला हवी होती. ज्या रस्त्यावर खोली वाढवायलाही विजेच्या खांबाला नोटीस लागते, तिथे संग्रहालय उघडून मागाहून अर्ज करणं हा आपल्या सरकारी कारभाराचा नमुना होता, आणि त्यात बाबासाहेबांच्या नावाला विनाकारण ताटकळावं लागलं. कायद्याचं काटेकोर पालन ज्यांनी आयुष्यभर शिकवलं, त्यांच्याच घराच्या बाबतीत ही ढिलाई! पण तक्रारींकडेही नीट बघू. रस्त्यावर बस उभी करू नका, रात्री दारात गर्दी नको, एका वेळी इतकेच जण आत, या मागण्या रास्त होत्या, आणि त्या अटी घालून सुटण्यासारख्या होत्या. ‘इथे हे असूच नये’ ही मागणी रास्त नव्हती. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली. दोन्ही बाजू उघडपणे मांडल्या गेल्या, लेखी, नावानिशी. मार्च २०२० मध्ये गृहनिर्माणमंत्र्यांनी स्मारकाला परवानगी दिली. एका निवांत इंग्रज रस्त्याला आपल्यात एक जास्तीची वर्दळ सामावून घ्यावी लागली, आणि रस्ता काही बुडाला नाही.

माझं मंडन एवढ्यावर उभं आहे. काय करू नये हे सांगणारी शांतता चांगली. ती आइस्क्रीमवाल्याला बारा सेकंद देते, दिवाळीला एक वाजेपर्यंत जागू देते आणि शेजाऱ्याला आधी चिठ्ठी टाकायला लावते. कोण नको हे सांगणारी शांतता कितीही मंद स्वरात बोलली तरी तिला विरोधच करायला हवा. दोन्ही एकाच रस्त्यावर नांदू शकतात, आणि इंग्लंडात नांदतात.

आपल्याकडे उलटं झालं आहे. माणसं नकोत म्हणणारी शांतता आपण सोसायट्यांच्या नियमांत आणून बसवली आहे: आडनाव विचारून घर नाकारायचं, मांसाहारी नको, एकटी मुलगी नको. आवाजाची शांतता मात्र कुणी मागितली की तो धर्मद्रोही किंवा रसिकताशून्य. कायदा नाही असं नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद केले आहेत, आणि सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट ठेवली आहे. सूट ठेवायची ही रीत इंग्रजी फटाक्यांच्या नियमासारखीच आहे. शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी तर उच्च न्यायालयात जाऊन २०१० मध्ये मैदानाच्या परिसराला शांतता क्षेत्र ठरवून घेतलं. डॉ. यशवंत ओक यांच्यासारखी माणसं गोंगाटाविरुद्ध कित्येक वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत राहिली. ती माणसं इंग्रज नव्हती. बॅबेजपेक्षा त्यांचं नशीब फार बरं होतं असंही नाही.

‘आवाज म्हणजे जिवंतपणा’ हे वाक्य कोण बोलतं ते एकदा तपासून बघा. बहुधा ज्याला सकाळी उठून कुठे जायचं नसतं तो. दहावीच्या मुलीला, बाळंतिणीला, केमोथेरपी घेऊन आलेल्या माणसाला, रात्रपाळीच्या कामगाराला कुणी विचारलेलं नसतं. चाळीचा शेजार थोर होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या शेजारात सुनेने दार लावून घेतलं तरी चर्चा होत असे, हेही विसरू नये. दार लावून घेता येणं ही सोय आहे. ती ज्यांना कधीच मिळाली नाही त्यांना ‘स्मशान’ हा शब्द सुचत नाही.

लंडनला जाणाऱ्यांना एवढंच सांगतो. चॉक फार्म स्टेशनला उतरा. तिथून किंग हेन्रीज रोड पायी दहा मिनिटांच्या आत आहे. १० नंबरचं घर जरूर बघा, बस मोठ्या रस्त्यावरच सोडा आणि दारात घोळका करू नका. आणि कुणी शेजारी कपाळाला आठ्या घालून बघायला लागले, तर बघू द्या. तुमच्याकडे परवानगी आहे.